पांढऱ्या दिव्यात काढलेल्या तिसऱ्या

भय हे प्राणांचे सर्वांत जुने राखणदार होय. त्याला सतत जागे ठेवणे कष्टाचे असते. म्हणून कोणी विश्वासू आपल्या वतीने जागायला सिद्ध झाला, की माणूस कृतज्ञतेने डोळे मिटतो. जागणाऱ्याला काय दिसते आणि काय दिसत नाही, हे निजणारा विचारीत नाही, आणि जागणाराही ते सांगायचे विसरतो. यात कपट कोणाचेच नसते. तरीही अनर्थ घडतो, आणि मग दोष कोणाच्या पदरी घालावा हे धर्मज्ञालाही सांगता येत नाही. शेवरबंदरच्या खाडीवर हा प्रश्न वाटीभर साराच्या रूपाने उभा राहिला.

एकविसाव्या शतकाचा मध्य जवळ आला होता. दक्षिण कोकणातल्या त्या खाडीत, धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर, एक पिवळे तरंगते पिंप नांगरून ठेवलेले होते आणि त्याच्या माथ्यावर दोन दिवे होते. पांढरा दिवा लागलेला असला, की ओहोटीला बायका चिखलात उतरून तिसऱ्या काढीत. तिसऱ्या म्हणजे लहान दुहेरी शिंपले. अर्ध्या गावाच्या ताटात तेच असत आणि कित्येक घरांचा संसार त्यांच्याच विक्रीवर चाले. तांबडा दिवा लागला, की कोणी चिखलाला पाय लावीत नसे. सरकारी कागदांत त्या पिंपाचे नाव प्लवकदर्शक असे होते. गाव त्याला नुसता 'दिवो' म्हणे. काही वर्षांपूर्वी एका बारशाच्या पंगतीत शिंपले खाऊन माणसे दगावली, त्यानंतर तो आला. आणि तो आल्यापासून गावात तसा मृत्यू झाला नव्हता. त्याची देखभाल गावचीच लेक शर्मिष्ठा कुबल हिच्याकडे होती. शहरात सागरविज्ञान शिकून ती परत आली होती, आणि किनाऱ्यावरच्या दोन खोल्यांच्या निरीक्षण केंद्रात बसून त्या पिंपाने पाठवलेली चित्रे पाहत असे.

प्लवक म्हणजे पाण्याच्या मर्जीने वाहत जाणारे जीव. ओंजळभर खाडीच्या पाण्यात ते सहस्रावधी असतात आणि डोळ्यांना एकही दिसत नाही. त्यांतले वनस्पतिरूप प्लवक सूर्यप्रकाशात आपले अन्न शिजवतात आणि प्राणवायू सोडतात. पृथ्वीवर नित्य निर्माण होणाऱ्या प्राणवायूपैकी जवळजवळ अर्धा त्यांनी दिलेला असतो. शाळेतली मुले केंद्र पाहायला आली, की शर्मिष्ठा त्यांना सांगे, "एक श्वास झाडांनी दिलेला, दुसरा समुद्राने." प्लवकदर्शक पाण्याची बारीक धार काचेच्या नळीतून सोडी, तिच्यातून जाणाऱ्या प्रत्येक जिवाचे चित्र घेई, आकारावरून त्याची जात ओळखी आणि घातक जातींचे प्रमाण वाढले की दिवा बदली.

हे प्रमाण आता वारंवार वाढू लागले होते. खाडीतल्या जिवांचे जुने धान्य म्हणजे करंडक शैवाल नावाचे प्लवक. त्यांना आपली काचेसारखी पेटी घडवायला सिलिका लागते, आणि ती नद्या डोंगरांतून आणीत. नद्यांवर बंधारे झाले आणि सिलिका मागे राहिली; शेतांतली खते आणि वस्त्यांचे सांडपाणी मात्र वाहतच आले. त्यात वरचे पाणी तापून, दुधावरच्या साईसारखे, खालच्या थंड पाण्यावर पसरून राहू लागले आणि दोहोंचे घुसळणे मंदावले. अशा निश्चल, उबदार पाण्यात करंडके तळाशी बसतात, आणि चाबकासारख्या दोन केसांनी गरगरत पोहणारे दुसरे प्लवक माजतात. गावाने त्यांचे नाव 'भोवरे' असे ठेवले होते. त्यांतल्या काही जाती विष बाळगतात. प्रतिकूल काळात ते जाड कवचाचे बीज होऊन गाळात निजतात आणि वर्षानुवर्षे निजून राहू शकतात. त्या चैत्रात मोठ्या जहाजांसाठी खाडीचे मुख खोल करण्याचे काम चालू होते. उपशाच्या यंत्राने तळाचा राखाडी गाळ वर आणला, आणि त्याबरोबर ती निजलेली बीजेही वर, उजेडात आणि उबेत, आली.

त्या दिवशी सकाळी शर्मिष्ठेने पडद्यावर भोवऱ्यांची चित्रे दाटलेली पाहिली. दिवा आपोआप तांबडा झालाच होता. ती धक्क्यावर आली तेव्हा बायका पाट्या, म्हणजे बांबूच्या टोपल्या, घेऊन ओहोटीची वाट पाहत उभ्या होत्या, आणि मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष वामनतात्या तांडेल आपल्या होडीच्या कडेवर बसून तिचीच वाट पाहत होते.

"काय गो शर्मे, पुन्हा तांबडो? तुझा ता पिंप तिसऱ्यो खाता काय? आमका खावक देणा नाय, म्हणजे ताच खातला!"

बायका हसल्या. शर्मिष्ठाही हसली, पण म्हणाली, "तात्या, काल सांजपर्यंत पाणी बरा होता. राती त्यांनी गाळ उपसल्यानी. आता थेंबाथेंबात भोवरे दिसतत."

"दिसतत म्हणे! माका पन्नास वर्सांत एक दिसलो नाय."

"दिसलो असतो तर माझी गरज काय होती?"

तात्यांची सून रेवती कडेवरच्या तान्ह्याला सावरीत पुढे आली. तिच्या जिभेची धार गावाला ठाऊक होती. "गाळ उपसणाऱ्यांक कोण तांबडो दिवो दाखवणा नाय. तो आमकाच. मगे त्या भोवऱ्यांकाच पाटयेत घालून बाजारात नेव काय?"

उपसा थांबवावा असे शर्मिष्ठेने वरिष्ठांना अनेकदा लिहिले होते आणि पोच तेवढी आली होती. पण बायका कुरकुरत का होईना, माघारी वळल्या. दिव्याचा शब्द कोणी मोडला नाही. हे पाहून तिच्या मनाला एक समाधान वाटले. आपण वेळेवर सांगितले, लोकांनी ऐकले, आता आजचे संकट टळले, अशा विचाराने ती दुपारी जेवायला घरी गेली.

घरात आनंदाचे दिवस होते. तिची धाकटी बहीण केतकी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, मुलगी झाली होती आणि सटवीचे पूजन आदल्याच संध्याकाळी पार पडले होते. कुबलांच्या घरी अशी रीत होती, की पूजनानंतरच्या पहिल्या पूर्ण जेवणात बाळंतिणीला तिसऱ्यांचे सार द्यायचे. बाळंतिणीच्या आईने त्या तिसऱ्या स्वहस्ते काढायच्या, वाळू ओकण्यासाठी एक रात्र पाण्यात जित्या ठेवायच्या, आणि बाळंतीण तृप्त होईपर्यंत स्वतः चाखायच्या नाहीत. आई, द्रौपदीबाई, हे व्रतासारखे पाळीत. केतकीच्या जन्मावेळी त्यांच्या आईने असेच केले होते, आणि तिच्या वेळी तिच्या आईने.

शर्मिष्ठा आत आली तेव्हा केतकी भिंतीला टेकून बसली होती, बाळ पाळण्यात निजले होते आणि साराची वाटी रिकामी झाली होती.

"सार?" शर्मिष्ठा दारातच थांबली. "आये, ह्यो तिसऱ्यो खंयच्यो?"

"भियां नको," द्रौपदीबाई हसून म्हणाल्या. "पांढऱ्या दिव्यातल्यो. काल काढलंय मी, पूजेच्या आधी. तुझो दिवो बघून मगेच चिखलात उतरलंय."

काल संध्याकाळपर्यंत पाणी निर्दोष होते, हे शर्मिष्ठेने स्वतः पाहिले होते. तिचा जीव भांड्यात पडला. हात धुवायला ती मागल्या अंगणात गेली. तेथे बांबूची पाटी उपडी घालून ठेवलेली होती. तिच्या तोंडाला बांधायचे फडके दोरीवर वाळत होते. पाटीच्या विणीत ओला गाळ अडकला होता. खाडीचा चिखल काळा असतो. हा गाळ राखाडी होता.

पूर्वी गावातल्या बायका तिसऱ्या परातीत, मिठाच्या पाण्यात, माजघराच्या गारव्यात ठेवीत. पण गेल्या काही उन्हाळ्यांत माजघरेही इतकी तापू लागली, की सकाळपर्यंत शिंपले मरून वास मारीत. म्हणून बायकांनी नवी युक्ती काढली होती. पाटीला फडके बांधून ती धक्क्याच्या खांबाला दोरीने सोडायची. खाडीच्या गार पाण्यात तिसऱ्या जित्या राहत आणि वाळूही ओकत. शर्मिष्ठेने त्या पाट्या शेकडो वेळा पाहिल्या होत्या. त्यांचा विचार तिने एकदाही केला नव्हता.

"आये," ती अंगणातूनच म्हणाली, आणि स्वतःचा आवाज तिला परका वाटला, "ही पाटी रातभर खंय होती?"

"खंय म्हणजे? धक्क्याक. घरात ठेवलंय तर मरतत गो."

"वर कधी काढलंस?"

"सकाळी. तुझो तांबडो दिवो लागलो तसा धावत गेलंय. म्हटलंय, आता पाणी वायट झाला, आपल्यो बऱ्यो तिसऱ्यो त्याच्यात नको." द्रौपदीबाईंच्या स्वरात आपण दक्षता घेतल्याचा सात्त्विक अभिमान होता.

शिंपला पाणी गाळतो. त्याला दुसरा धर्म नाही. ज्या रात्री गाळ उपसला गेला, ती सारी रात्र त्या पाटीतल्या तिसऱ्यांनी तेच पाणी गाळले होते. विष शिंपल्याला बाधत नाही, त्याच्या मांसात साठते. उकळल्याने ते नष्ट होत नाही. ते पाण्यात विरघळते, म्हणून साराच्या वाटीत ते उतरते. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही.

"सार बरा होता हां आये," केतकी आतून म्हणाली. "पण वांयच तिखट झाला. ओठ चुणचुणतत माझे."

"तिखट?" द्रौपदीबाईंना नवल वाटले. "बाळंतिणीच्या सारात तिखट घालतंय काय मी? मिरचीचो तुकडोसुद्धा नाय त्यात."

शर्मिष्ठा आत धावली. तिने केतकीचे हात हातात घेतले. "बोटां? बोटांक मुंग्या येतत?"

"येतत. काय झाला गो ताई? अशी काय बघतंस?"

जे झाले होते ते तिने पुस्तकात वाचले होते. हे विष मज्जातंतूंची दारे बाहेरून लावून घेते. प्रथम ओठ, मग बोटे, मग मान, आणि शेवटी छातीचे स्नायू आज्ञा ऐकेनासे होतात. बुद्धी मात्र अखेरपर्यंत निर्मळ राहते. माणूस सर्व ऐकतो, सर्व जाणतो आणि पापणीही हलवू शकत नाही. या विषावर उतारा नाही. शरीर ते हळूहळू बाहेर टाकते. तोवर दुसऱ्या कोणी त्याच्या वतीने श्वास घ्यावा लागतो, एवढाच उपाय.

श्वास द्यायची रबरी पिशवी केंद्रातल्या पेटीत होती. रुग्णालय खाडीपलीकडे होते; रस्त्याने मोठा वळसा, होडीने सरळ वाट. शर्मिष्ठा पेटी घेऊन धक्क्यावर पोचली तेव्हा तात्या जाळे उलगडीत होते.

"काय गो, दिवो बदललो काय?" म्हणत त्यांनी मान वर केली आणि तिचा चेहरा पाहून जाळे तसेच टाकले. "कोण?"

"केतकी."

त्यांनी लगेच होडीचा दोर सोडायला घेतला. ज्यांना सकाळी माघारी पाठवले होते, त्याच बायकांनी केतकीला खाटेसकट उचलून आणले. द्रौपदीबाई बाळाला पदरात घेऊन मागून येत होत्या. विष दुधात उतरते किंवा नाही, हे शर्मिष्ठेला निश्चित सांगता येईना. ती म्हणाली, "बाळाक आता आवशीचा दूध नको. कोणी..." वाक्य पुरे होण्याआधीच रेवतीने आपले मूल सासूकडे दिले, बाळाला द्रौपदीबाईंच्या हातून घेतले, आणि पाठ वळवून धक्क्याच्या पायरीवर बसली. "जावा तुमी," ती मागे न पाहता म्हणाली. "ही उपाशी रवाची नाय."

केतकीबरोबर शर्मिष्ठा, द्रौपदीबाई, काही बायका आणि तात्यांचा मुलगा यांना घेऊन होडी निघाली. वर चैत्राचे लख्ख ऊन होते, पाणी आरशासारखे शांत आणि सुंदर होते. खाडी इतकी निरपराध दिसत होती, की तिच्याकडे पाहवत नव्हते. केतकीचे शब्द आधी जड झाले, मग तुटले. तिची मान कलली. छाती अगदी थोडी, मग आणखी थोडी वर येऊ लागली. आणि अर्ध्या वाटेवर, पिवळ्या पिंपाच्या जवळून जात असताना, ती वर आलीच नाही.

शर्मिष्ठेने तिच्या तोंडानाकावर मुखवटा दाबला आणि पिशवी पिळली. छाती उचलली. सोडली, छाती बसली. "केतकी, तुका सगळा ऐकाक येता, माका म्हायत आसा. श्वासाची खटपट करू नको. तो आमी घेतंव. तू नुसती ऱ्हव."

दोन पिळण्यांच्या मधला तो क्षण किती भयंकर असतो, हे ज्याने अनुभवले नाही त्याला सांगणे अवघड आहे. त्या क्षणी त्या देहात कोणाचाच श्वास नसतो. आपले बोट चुकले, मन विचलित झाले, हाताला पेटका आला, तर पुढचा श्वास येणार नाही. नित्य, न मागता मिळणाऱ्या श्वासाचे मोल त्या होडीतल्या प्रत्येकाला तेव्हा कळले. आणि तो ज्या जलातून येतो, त्याच जलाने तो परत घेतला होता, हेही कळले.

पिळता पिळता शर्मिष्ठेची लय मंदावली तेव्हा द्रौपदीबाई म्हणाल्या, "माका दी."

शर्मिष्ठा क्षणभर घुटमळली. आईच्या डोळ्यांतले काही तिला पाहवेना.

"दी गो. ह्याच हातांनी दिलंय ना सार? दी."

तिने दिली. द्रौपदीबाईंनी पिशवी हातात घेतली. चिखलातली पाटी खळबळून धुण्याची जी लय त्यांच्या हातांत जन्मभर मुरली होती, त्याच लयीने त्या ती पिळू लागल्या. एकदाही चुकल्या नाहीत. त्यांच्यानंतर एकेक बाई पुढे सरकली. तात्यांनी सुकाणू मुलाच्या हाती दिले आणि तेही गुडघे टेकून बसले. पन्नास वर्षे वल्ही मारलेले ते हात पिशवी अशा हळुवारपणे दाबत होते, जणू आत पाखरू आहे.

रुग्णालयात श्वासाचे यंत्र लावले गेले. "शरीर विष टाकीपर्यंत वाट पाहायची," एवढेच डॉक्टर म्हणाले. मायलेकी बाहेरच्या बाकावर बसून राहिल्या.

"मी मारलंय काय गो तिका?" द्रौपदीबाईंनी अखेर विचारले.

"तू दिवो बघून काढलंस."

"मगे?"

"दिवो फक्त त्या घडीचा पाणी सांगता, आये. पुढे तुमी काय करतास, ता त्येका दिसणा नाय. ह्या मी तुमका कधी सांगूक नाय. माका वाटला, तुमका म्हायत आसतला."

"आमका वाटला, तुका म्हायत आसा." द्रौपदीबाईंनी तिचा हात धरला. "आदी आमी पाण्याचो वास घेव, रंग बघू, म्हाताऱ्यांक इचारू. भियां वाटायचा. तुझो दिवो इलो आणि भियां गेला." मग त्या हलकेच म्हणाल्या, "ता जावक नको होता."

दुसऱ्या दिवशी दुपारी केतकीची करंगळी हलली. नंतर पापणी. संध्याकाळी यंत्राच्या तालाला न जुमानता तिच्या छातीने आपला एक स्वतंत्र, वाकडातिकडा श्वास घेतला, आणि परिचारिकेने दारातून मान डोलावली. नळी काढल्यावर केतकीने प्रथम मुलीची चौकशी केली. रेवती पाजते आहे, हे ऐकून ती निवांत झाली. मग आईकडे पाहून, फुटक्या आवाजात, म्हणाली, "आये, सार तिखट नव्हता तर."

द्रौपदीबाई तोंडाला पदर लावून किती तरी वेळ रडत हसत राहिल्या.

केतकी वाचली, पण भय टळले नाही. गाळ उपसण्याचे काम चालूच राहिले, पाणी तापतच राहिले, आणि शर्मिष्ठेच्या पडद्यावर करंडके विरळ होत गेली. काही दिवसांनी ओहोटीला शर्मिष्ठा तात्यांच्या होडीतून पिंपाकडे गेली. भोवरे त्या दिवशी ओसरले होते आणि पांढरा दिवा लागलेला होता. तिने पाना लावून तो पांढरा दिवा काढून घेतला. तांबडा तेवढा ठेवला.

"ह्या काय केलंस?" तात्या चकित झाले. "आता पाणी बरा आसा, ता आमका कसा कळतला?"

"वायट आसा ता तांबडो सांगतलो. बरा आसा, असा मी कोणाक सांगूचंय नाय. तुमी इचारा, तात्या. माका इचारा, पाण्याचो वास घेवा. काढल्यावर खंय ठेवल्यात, ता एकमेकींका इचारा."

"म्हणजे आमी रोज भियेत ऱ्हवाचा?"

"वांयच," ती चिमूट दाखवीत म्हणाली. "रोज वांयच."

तात्यांनी पाण्याकडे पाहिले. मग वाकून ओंजळ भरली, नाकाशी नेली आणि परत खाडीत सोडली. धक्क्यावर बायका पाट्या घेऊन उभ्या होत्या. दिवा विझलेला पाहून त्या प्रथम गोंधळल्या. मग त्यांतली एक दुसरीला काहीतरी विचारू लागली.

जिने प्रेमाने सार केले तिला, जिने ते प्राशन केले तिला, जिने दुसरीचे मूल छातीशी धरले तिला, आणि ज्यांनी आपल्या हातांनी श्वास दिला त्या सर्वांना, आयुष्य लाभो. त्या पाण्यातले न दिसणारे जीवही पुन्हा आपल्या जागी, आपल्या मर्यादेत, सुखाने नांदोत. आणि ज्या कोवळ्या लेकीला अजून खाडीची ओळख नाही, तिला समुद्राने दिलेला श्वास अखंड मिळत राहो.